पंचविसाची अट

१२ नोव्हेंबर १९९९, शुक्रवार

संगणकाचं मशीन आलं! बापूसाहेबांनी इंदापूरहून जीपमध्ये घालून पाठवलं. तीन खोकी. शिलाई मशीन खिडकीकडे सरकवून तिथंच मांडलं. मी हळदकुंकू वाहिलं, तर मनिषा ओरडली — "आई, फटीत कुंकू सांडू नको, आत जाईल!" जाऊ दे की. आत गेलं तर चांगलंच.

समाजाच्या वधू-वर मंडळाचा मेळावा अठ्ठावीस तारखेला इंदापुरात आहे. या खेपेला यादी इंटरनेटवर टाकायची असं बापूसाहेबांच्या मनात आलं. ते मंडळाचे अध्यक्ष, त्यांच्या मनात आलं की झालं. म्हणे जगात कुठूनही अर्ज भरता येईल. जगात आपल्या समाजाचं बसलंय कोण? धोंडाबाईचा एक जावई मस्कतला, तोही लग्न झालेला.

अर्जाचं ते पान आमची मनिषा लिहिणार. बारामतीतल्या संगणकाच्या वर्गात शिकवते, तिला येतं. आणि कागदावरचे दोनशे बारा अर्ज मशीनमध्ये घालायचं काम माझ्याकडे! बापूसाहेब फोनवर म्हणाले, "वयनी, तुमी मॅट्रिक, तुमचा घरचा हिशेब कसा चोख असतो, मला ठावं हाय. दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाय."

फुगले जरा. खोटं कशाला लिहू.

मनिषाचा अर्ज मी कालच कागदावर भरून ठेवलाय. सव्वीस पूर्ण, सत्ताविसावं चालू. तीन स्थळं आली नि गेली. आता यादीत नाव आलं पाहिजे म्हणजे पाहिजे. ती म्हणाली, "माझा नको, आई." लाजते अजून.

गुरुवारी घालायचा तिचा अर्ज. वार चांगला. तोवर मुलांचा गठ्ठा उरकते.


१३ नोव्हेंबर, शनिवार

एका बोटानं नऊ अर्ज. मान आखडली.

मशीन मोठं शिस्तीचं. चुकीचं काही टाकलं की मध्येच एक चौकट उघडते नि इंग्रजीत लाल अक्षरं. मी मनिषाला म्हटलं, "हे अंगावर काय वसकतंय? पाहुण्याशी असं बोलतात का?" ती म्हणाली, "आई, चुकीचा आकडा आत जाऊ नये म्हणून ते." मी म्हटलं, "जाऊ देऊ नको ना! पण दारातनं माघारी लावायचं तर बरं बोलून लाव." संध्याकाळी तिनं मराठीत करून दिलं — 'कृपया आकडा पुन्हा पाहावा.' आता कसं! आता चुकायलाही बरं वाटतं.

पणदऱ्याचा शंभूराज म्हणून एक मुलगा आहे. उंची पाच फूट दहा इंच. मी ५.१० टाकली. मशीननं मुकाट्यानं घेतली. यादी उघडून बघते तर ५.१! एवढा ताडमाड पोरगा एका बटणात बुटका. मनिषा म्हणाली, "शेवटचं शून्य त्याला बिनकामाचं वाटतं." मी म्हटलं, "त्याला बिनकामाचं वाटेल, पोराचे नऊ इंच गेले त्याचं काय?"

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. पण उठली नि लगेच फुटाचा रकाना वेगळा केला, इंचाचा वेगळा.

मी मुद्दाम इंचात बारा टाकून बघितले. 'इंच शून्य ते अकरा असावेत.' हुशार आहे पोरगी. माझ्यावर गेली.


१४ नोव्हेंबर, रविवार

आज ह्यांना सुट्टी. डेपोत टाइमकीपरचं काम, तिथल्या टाइपरायटरवर हात बसलेला. "सरक, मी दाही बोटांनी बडवतो," म्हणून बसले माझ्या खुर्चीवर. खरंच दहा बोटांनी चालतात! मी गुमान चहा ठेवायला गेले.

आले तर मशीनचं नि ह्यांचं भांडण. मुलाचं जन्मसाल १९७४. हे टाकतात, मशीन म्हणतं पुन्हा पाहावा. पुन्हा टाकतात, पुन्हा पाहावा. सात वेळा! हे लाल. "दिसतंय का तुला? एकोणीसशे चौऱ्याहत्तरच हाय का न्हाय?" मला दिसत होतं. बरोबर होतं.

मनिषानं येऊन बघितलं नि मटकन खालीच बसली. डेपोतल्या जुन्या टाइपरायटरला म्हणे एकाचं बटणच नाही! त्याच्या जागी इंग्रजी छोटा एल मारतात, दिसायला तसाच. हे एकाच्या जागी एल मारत होते.

"तीस वर्षं असंच मारतोय," हे म्हणाले, "महामंडळानं कधी माघारी न्हाय पाठवलं."

"महामंडळ डोळ्यांनी वाचतं, अप्पा," मनिषा म्हणाली.

हे उठले ते पेपर घेऊन ओट्यावर. दुपारपर्यंत मशीनकडे पाठ. जेवताना मी विचारलं, "एक भाकरी वाढू का एल?" हसू मिशीत अडकलेलं दिसलं.


१५ नोव्हेंबर, सोमवार

उपास. साबुदाणा जास्त भिजला.

आज मी मशीनची चूक काढली! म्हणजे मनिषाची. शेतीच्या रकान्यात एकानं लिहिलंय — दोन एकर पासष्ट गुंठे. मशीननं घेतलं. मी थांबले. म्हटलं, "मने, हे कसं घेतलं त्यानं?"

"का? शंभराच्या आत हाय की."

"अगं, चाळीस गुंठ्यांचा एकर! पासष्ट गुंठे म्हणजे एक एकर पंचवीस गुंठे झाले. तीन एकर पंचवीस गुंठे लिहायचं सोडून हा दोन एकर पासष्ट का लिहितोय?"

ती बघतच राहिली. एवढी शिकली नि गुंठ्यांचं तिला ठाऊक नाही. म्हणाली, "तुला कुठनं कळलं?" म्हटलं, "माझ्या भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा मी तिथं बसून होते."

गुंठे शून्य ते एकोणचाळीस — केलं तिनं. माझ्यासमोर केलं. एवढीशी ओळ असते. त्या ओळीत काय ते लिहायचं, की तेवढंच आत जातं. मला वाटलं होतं आत काहीतरी मोठं यंत्र फिरत असेल.


१६ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊ किती — शून्य टाकलं. मशीन म्हणतं रकाना रिकामा आहे! शून्य भरलंय की रे बाबा! मनिषा म्हणाली चूक माझी, करते नीट. तीन कामं तिनं बिघडवली, तिन्ही मी शोधून काढली. पगार नाही दोघींना.


१७ नोव्हेंबर, बुधवार

शेळगावहून कुशाबाई आल्या. आमच्या सासरच्या गावच्या. दीपकचा अर्ज घेऊन. चहा घेता घेता म्हणाल्या, "वय सत्तावीस घाला, वयनी."

दाखला जोडलेला होता. दाखल्यावर एकतीस.

मी म्हटलं, "आत्या, दाखला एकतीस म्हणतोय."

"त्यो गुरुजीनं वाडवून लिवलाय. शाळंत लवकर घ्यायचं हुतं म्हून."

"आणि धाकटी बहीण अठ्ठावीसची लिहिलीय तुम्ही. धाकटी थोरली कशी झाली?"

कुशाबाईंनी बशीतला चहा संपवला. पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, "मग तिचंबी कमी करा दोन-चार."

मी एकतीसच घातलं. त्या बघत होत्या, पण त्यांना आकडे कुठे वाचता येतात. जाताना माझ्या पाठीवर हात फिरवून गेल्या. वाईट वाटलं. पण खोटं मी घालणार नाही. एकदा सुरू केलं की दोनशे बारा जणांचं घालावं लागेल. नाहीतरी आजच्या सोळा अर्जांतल्या बारा जणांचा जन्म एक जूनचाच आहे! गुरुजींनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलंय. त्याला मशीन काही म्हणत नाही. एक जून ही खरीच तारीख, त्याला काय कळणार.

मुलांचा गठ्ठा संपला. उद्या मुली. पहिली आमची.

मनिषा वर्गातून नवीन पान फ्लॉपीत घेऊन आली. म्हणाली, "मुलींच्या पानात थोडी दुरुस्ती केलीय." करू दे.


१८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी अंघोळ करून, दत्ताला फूल वाहून बसले. नाव घातलं. उंची पाच फूट तीन. शिक्षण बी.एस्सी. वय २६.

'कृपया आकडा पुन्हा पाहावा. मुलीचे वय १८ ते २५ मध्ये असावे.'

मला वाटलं बोट चुकलं. पुन्हा २६. पुन्हा तेच. कृपया, कृपया! चांगलं बोलायला मीच शिकवलं होतं ना त्याला.

मनिषा वर्गातून आली तशी दारातच धरली. "हे काय?"

चप्पल काढत म्हणाली, "नियम हाय, आई. बापूसाहेबांचा."

"पंचविसाच्या वरच्या मुलींनी काय करायचं मग?"

"त्यांचे अर्ज बाजूला ठेव. मी बघते."

"आणि मुलगे? एकतीसचा दीपक गेला की आत!"

"मुलांना चाळीस हाय."

बापूसाहेब! एवढा मोठा फेटा, एवढी भाषणं — मुलगी शिकली पाहिजे, मुलगी शिकली पाहिजे. मुलगी शिकेपर्यंत तेवीस, नोकरीला लागेपर्यंत चोवीस, नि पंचविसाला ह्यांचं दार बंद! ज्या पोरीनं ह्यांचं पान लिहिलं तिलाच पान आत घेईना!

मनिषा म्हणाली, "जाऊ दे ना, आई." किती सोशीक आहे. मला मात्र जेवण गेलं नाही.


१९ नोव्हेंबर, शुक्रवार

एकादशी. दुपारी घरात कोणी नव्हतं.

मनिषाचा अर्ज पुन्हा उघडला. वयात २५ घातलं. काही नाही. चौकट नाही, लाल अक्षर नाही. पुढच्या रकान्यात गेलंसुद्धा! एका आकड्यात पोरगी मार्गी लागत होती. फक्त खालचं 'पाठवा' बटण दाबायचं.

हात तिथं किती वेळ होता कोण जाणे. मग कुशाबाई आठवल्या. पाठीवर हात फिरवून गेलेल्या. त्यांची चार वर्षं खरी करणारी मी, नि माझं एक वर्ष चोरू? तेही आज, तोंडात अजून तुळशीचं पान असताना?

पुसलं. पाठवलं नाही. पांडुरंगा, तूच बघ आता. मशीनचं मन तुला तरी वळवता येतं का बघ.


२१ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न लावलं. ऊस आमच्या शेळगावचा, बोरं-आवळे मंडईतले. शेजारच्या द्वारकाबाई आल्या होत्या. त्यांच्या भाचीचाही अर्ज माझ्याकडे आहे. अठ्ठावीस. घरात तिला अजून छकुली म्हणतात नि अर्जावरही छकुलीच लिहिलंय. तिलाही मशीननं घेतली नाही. असे एकवीस अर्ज बाजूला पडलेत. त्यांचा वेगळा गठ्ठा बांधून मनिषाच्या पिशवीत दिला.

द्वारकाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तुळशीला न्हाय इचारलं कुणी वय! दर साली नवरी."

ह्यांना म्हटलं, बापूसाहेबांशी बोला. तर म्हणाले, "डेपोत भेटले तर बोलीन." बापूसाहेब जीपनं फिरतात. ते डेपोत कशाला भेटतील?

मनिषाला विचारलं, "तुझ्या हातातली ओळ आहे ना ती? गुंठ्यांचे शंभराचे एकोणचाळीस केलेस, तसे पंचविसाचे सत्तावीस कर." ती म्हणाली, "मला अधिकार न्हाय, आई." सरकारी माणसासारखी बोलते कधी कधी.


२३ नोव्हेंबर, मंगळवार

मुलींचा गठ्ठा संपला. आमची राहिली.


२५ नोव्हेंबर, गुरुवार

बापूसाहेबांच्या घरी फोन लावला. तीनदा. पहिल्यांदा पूजेत, दुसऱ्यांदा झोपलेत, तिसऱ्यांदा शिवारात. मंडळाची कामं ते करतात कधी?

ठरवलं — मेळाव्यातच गाठायचं. चारचौघांत हात जोडायचे. चारचौघांत त्यांना नाही म्हणता येत नाही, ही त्यांची खोड मला ठाऊक आहे. एकदा असंच चारचौघांत शाळेला पंखे देऊन बसले होते.

मनिषानं यादी छापून आणली. मला बघायची होती, पण तिनं खोक्यात घालून चिकटपट्टीच लावली. "मेळाव्यातच बघ, आई. तितं सगळ्यांबरोबर." ही शिस्त तिला मशीनची लागली.

तिचं पान सोमवारीच पुण्याच्या मशीनवरून इंटरनेटवर चढलं म्हणे. मस्कतवाल्या जावयाला कळवा म्हणावं.


२८ नोव्हेंबर, रविवार

इंदापूरहून आलो. लिहितेच.

एसटीनं गेलो तिघं. मंगल कार्यालयात ही गर्दी! मुलं एका बाजूला, मुली एका बाजूला, मध्ये आया, नि बापूसाहेब माइकवर. "आता आपला समाज जगाच्या पाठीवर!" टाळ्या. पणदऱ्याचा शंभूराज उभा राहिला तेव्हा मी बघून घेतलं — पूर्ण दहा इंच! कुशाबाई दीपकला घेऊन पहिल्या रांगेत. एका बाईनं वय विचारलं तर त्या यादीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "छापलंय की तितं." बाईनं वाचलं, एकतीस. कुशाबाई हसतच होत्या.

यादी आली माझ्या हातात. मुली मागच्या बाजूला. द्वारकाबाईंनी खांद्यावरून बोट ठेवलं. "सिंधुबाई, आमची छकुली!"

क्रमांक एकशे चार. छकुली. वय अठ्ठावीस.

मी पानं उलटली. सत्तावीस. एकोणतीस. सव्वीस. पुन्हा अठ्ठावीस. एकवीसच्या एकवीस मुली होत्या. वरून एक तेहतीसची, ती माझ्या गठ्ठ्यात नव्हतीच. इंटरनेटवरून आलेली असणार.

मनिषाचं नाव नव्हतं.

मला वाटलं, नियम बदलला नि मला कुणी सांगितलं नाही. पोरीचं तेवढं राहून गेलं! तशीच गर्दीतून गेले. बापूसाहेब जेवणाच्या पंगतीत वाढप बघत होते. हात जोडले. म्हटलं, "बापूसाहेब, पंचविसाची अट काढलीत, उपकार झाले. आमच्या मनिषाचं तेवढं आजच्या आज घ्या."

"कसली अट, वयनी?"

"मुलींच्या वयाची. पंचविसाच्या वर घ्यायचं नाही असा तुमचा नियम होता ना?"

त्यांनी वाढप्याच्या हातातली बुंदीची परात थांबवली. "मी? अवो, मी तर मनिषाला पैल्याच दिवशी म्हणलो, वरचा आकडा ठिवूच नको. माझीच भाची तेहतिसाची हाय, तिनं पुण्यातनं अर्ज भरला. उलट मीच इचारलं, पोरी, तुझं नाव कुठं दिसत न्हाय? तर म्हणली, माझा अर्ज आईकडं हाय." मग हळूच, "काय, पसंत पडलं का काय कुटं?"

जोडलेले हात तसेच होते माझे. म्हटलं, "नाही. असंच." वाढप्यानं मला बुंदी वाढली. पत्रावळ नव्हती हातात, यादीवरच वाढली.

म्हणजे जगात सगळ्यांना आत घेणारं पान वेगळं, नि आमच्या खोलीतलं वेगळं. पंचविसाची ती एवढीशी ओळ फक्त शिलाई मशीनशेजारच्या मशीनमध्ये. जिथं मी बसते तिथं.

येताना एसटीत मनिषा खिडकीशी होती. हे पेंगत होते. मी यादीला चिकटलेली बुंदी निवडत बसले.


२९ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ती केस विंचरत होती. म्हटलं, "ती अट तू घातलीस. माझ्यापुरती."

"व्हय."

"मला सरळ सांगायचं ना, लग्न नको म्हणून."

फणी थांबली. "तीन वर्षं सरळच सांगतीय, आई. मी सांगितलं की तू म्हणतीस लाजते. मशीननं सांगितलं, तर लगेच ऐकलंस."

गेली वर्गाला.

तिचा अर्ज काढला. फाडणार होते. मागची बाजू कोरी करकरीत. त्यावर बाजाराची यादी केली — मेथी, मिरच्या, अर्धा किलो गूळ. तिला आवडतो.